वीस मिनिटांची लेव्हल आणि पुस्तकातला संयम

पोकरवरची बहुतेक चांगली पुस्तके वाचकाला थांबायला शिकवतात. चांगली पाने येईपर्यंत थांबा, समोरच्याची खेळण्याची पद्धत लक्षात येईपर्यंत थांबा, सोयीची जागा मिळेपर्यंत थांबा. ही पुस्तके विकत घेणारा वाचक मात्र बहुधा अशा स्पर्धेत जाऊन बसतो, जिथे दर वीस मिनिटांनी सक्तीची बोली वाढते आणि थांबणाऱ्याच्या चिप्स त्याने एकही डाव न खेळता संपून जातात. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका उपनगरात राहतो आणि अधूनमधून शनिवारी संध्याकाळी इथल्या एका कार्डरूममधली साठ डॉलरची टूर्नामेंट खेळतो. घरातल्या कपाटाचा एक खण पोकरच्या पुस्तकांनी भरलेला आहे. त्या खणातले नेमके काय त्या टेबलावर उपयोगी पडते आणि काय नुसतेच वाचायला छान वाटते, याचा विचार मी बराच काळ करत आलो आहे.

ज्यांचा पत्त्यांशी संबंध रमी, मेंढीकोट आणि दिवाळीतल्या तीन पत्तीपुरता आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे ज्या प्रकाराविषयी लिहीत आहे तो म्हणजे नो-लिमिट होल्डेम. प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात, टेबलावर सर्वांची मिळून पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात आणि कोणीही कोणत्याही क्षणी आपल्याजवळच्या सगळ्या चिप्स पुढे ढकलू शकतो. प्रत्येक डावात दोन खेळाडूंना पाने बघण्याआधीच बोली लावावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात. एक छोटा आणि एक मोठा. टूर्नामेंटमध्ये हे ब्लाइंड घड्याळानुसार वाढत जातात. घड्याळाच्या त्या एका टप्प्याला लेव्हल म्हणतात, आणि सगळा वाद लेव्हलच्या लांबीचा आहे.

आज जी पुस्तके अभिजात मानली जातात त्यांतली बरीचशी एका विशिष्ट लाटेत लिहिली गेली. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाच्या टेनेसीतल्या एका हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि ८३९ खेळाडूंतून पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत २,५७६ जण उतरले आणि २००६ मध्ये ८,७७३. या झुंडीला शिकायचे होते, आणि शिकवायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे डॅन हॅरिंग्टन. १९९५ ची मुख्य स्पर्धा त्यांनी जिंकली होती, २००३ मध्ये ते तिसरे आले आणि २००४ मध्ये तिपटीहून अधिक गर्दीतून चौथे. एवढ्या सोवळ्या, सावध खेळाडूला लोक ‘ॲक्शन डॅन’ म्हणत, यातला विनोद त्यांच्याशी एकदा खेळलेल्याला लगेच कळत असावा. बिल रॉबर्टी यांच्यासह लिहिलेल्या ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’चा पहिला खंड २००४ मध्ये आला, दुसरा २००५ मध्ये. मुख्य स्पर्धेत प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर, लेव्हल दोन तासांची आणि खेळ कित्येक दिवसांचा. हॅरिंग्टन यांचा संयम या जमिनीत उगवलेला आहे, आणि तिथे तो सोळा आणे खरा आहे.

त्यांच्या दुसऱ्या खंडातली सर्वांत प्रसिद्ध कल्पना म्हणजे ‘एम’. बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू आणि गणिताचे अध्यापक पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून हे अक्षर आले आहे. आपल्या चिप्सना दोन्ही ब्लाइंड आणि अँटी (प्रत्येकाने दर डावात भरायची छोटी रक्कम) यांच्या बेरजेने भागायचे. उत्तर येईल तितक्या फेऱ्या आपण काहीही न खेळता तग धरू शकतो. एम वीसच्या वर असेल तर हिरवा पट्टा, पुस्तकातले सगळे बारकावे वापरायला मोकळीक. दहा ते वीस पिवळा, सहा ते दहा नारिंगी आणि त्याखाली लाल, जिथे एकच चाल शिल्लक राहते: सगळ्या चिप्स आत किंवा पाने परत. कल्पना अतिशय सुंदर आहे आणि मी ती आजही दर डावात मनातल्या मनात मोजतो. मात्र तिच्या व्याख्येतच एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे ब्लाइंड आहेत तेवढेच राहतील.

आता साठ डॉलरच्या टेबलावर ते गृहीत कसे कोसळते ते पाहा. समजा सुरुवातीला ३,००० चिप्स मिळाल्या आणि ब्लाइंड २५ आणि ५० आहेत. एम झाला चाळीस. पुस्तकाप्रमाणे हा गडद हिरवा पट्टा, निवांत बसावे. हाताने पत्ते वाटणारा डीलर तासाला सुमारे तीस डाव वाटतो, म्हणजे वीस मिनिटांत दहा. आणि टेबलाला दहा माणसे असतील तर एका लेव्हलमध्ये सगळ्यांची जेमतेम एक फेरी होते. प्रत्येक फेरीनंतर ब्लाइंड वाढतात: ५० आणि १००, मग ७५ आणि १५०, मग १०० आणि २००, १५० आणि ३००, २०० आणि ४००, ३०० आणि ६००. नुसते बसून राहणाऱ्याने सात फेऱ्यांत २,७०० चिप्स भरलेल्या असतात. आठव्या लेव्हलला मोठा ब्लाइंड ८०० चा होतो आणि त्याच्याकडे ३०० उरलेल्या असतात. म्हणजे ज्या चाळीस फेऱ्या एमने कबूल केल्या होत्या, त्यांतल्या सातच हाती लागल्या. दोन तास वीस मिनिटे.

या दोन तास वीस मिनिटांत पाने किती येतात? पुस्तक ज्यांना पहिल्या प्रतीची पाने म्हणते, ती म्हणजे एक्के, राजे, राण्या आणि गुलाम यांच्या जोड्या आणि एक्का-राजा. दोन पानांच्या १,३२६ संभाव्य जोडण्यांपैकी अशा ४० आहेत, म्हणजे सरासरी तेहतीस डावांत एकदा. ज्या खेळात तासाला तीस डाव वाटले जातात तिथे याचा अर्थ सुमारे तासाला एक. पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे: पहिल्या तासात यांतले एकही पान न येण्याची शक्यता चाळीस टक्के आहे, आणि दोन तासांतही न येण्याची सोळा टक्के. आलेल्या एक्का-राजालाही फ्लॉपवर, म्हणजे पहिली तीन सामाईक पाने उघडल्यावर, जोडीदार मिळतो तो तीनांतून एकदाच. दोन तासांच्या लेव्हलमध्ये माणूस हे सगळे सोसू शकतो, कारण तिथे एका लेव्हलमध्ये साठ डाव वाटले जातात आणि दुष्काळाची भरपाई व्हायला अवकाश असतो. इथे तो दुष्काळ हीच तुमची पूर्ण टूर्नामेंट असू शकते. मी या टेबलावर कितीतरी सभ्य, अभ्यासू माणसे पाहिली आहेत, जी पहिल्या दीड तासात कोणतीही चूक न करता बाद होतात आणि जाताना ‘आज पानेच आली नाहीत’ असे म्हणतात. ते म्हणणे खरेच असते. फक्त पाने न येणे हा इथला अपघात नाही, ती इथली रोजची हवा आहे.

हा आक्षेप सर्वांत जोरात मांडला तो आर्नल्ड स्नायडर यांनी. ते मूळचे ब्लॅकजॅकचे लेखक. पत्ते मोजून कॅसिनोला हरवणाऱ्यांच्या जगातून आलेले. २००६ मध्ये आलेले त्यांचे ‘द पोकर टूर्नामेंट फॉर्म्युला’ हे पुस्तक उघडपणे लहान रकमेच्या, वेगवान टूर्नामेंटसाठी लिहिलेले आहे. त्यांनी एमऐवजी घड्याळ मोजले. काहीही न खेळता तुमच्या चिप्स किती तासांत संपतात ते काढा, त्या आकड्याचा वर्ग करा. येईल तो त्या टूर्नामेंटचा ‘पेशन्स फॅक्टर’. आमच्या उदाहरणात सात लेव्हल, म्हणजे सुमारे २.३३ तास, वर्ग ५.४. हा आकडा जितका लहान तितका कौशल्याला वाव कमी आणि थांबण्याची किंमत जास्त. त्यांचा पुढचा निष्कर्ष अधिक धाडसी आहे: वेगवान स्पर्धेत पानांची वाट बघू नका, जागेवर खेळा. डीलरच्या बटणावर असाल, म्हणजे फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलण्याचा हक्क तुमचा असेल, तर पाने काय आहेत हे बऱ्याचदा गौण धरून बोली लावा.

यावर पोकरच्या लेखकमंडळींत चांगलीच जुंपली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की निर्णय घेताना समोर असलेल्या ब्लाइंडशी आपल्या चिप्सचे गुणोत्तर काय एवढेच महत्त्वाचे. ब्लाइंड किती वेगाने वाढतात याचा चालू डावाशी काही संबंध नाही, फार तर लेव्हल बदलण्याच्या तोंडावर थोडा. तर्क म्हणून हे मला पूर्वी पटत असे, आणि अर्धे अजूनही पटते. पण आकडे मांडून पाहिले की वेगाचा हात डावात कसा शिरतो ते दिसते. ब्लाइंड १०० आणि २०० असताना तुमच्याकडे ३,६०० चिप्स आहेत. एम बारा, पिवळा पट्टा. मधल्या जागेवर एक्का-गुलाम आले आणि तुमच्या आधी बोलणाऱ्या एकाने बोली वाढवली. मुख्य स्पर्धेत तुम्ही ही पाने शांतपणे परत देऊ शकता, कारण एका फेरीनंतरही तुमचा एम अकरा असेल आणि याहून बरी संधी बहुधा येईल. आमच्या टेबलावर एका फेरीनंतर ३,३०० चिप्स राहतील आणि ब्लाइंड होतील १५० आणि ३००, म्हणजे एम सातच्या थोडा वर. आणखी एका फेरीनंतर २,८५० आणि ब्लाइंड २०० आणि ४००. एम पाचच्याही खाली. पिवळ्यातून लालमध्ये चाळीस मिनिटांत, एकही पान न खेळता. ‘पुढे बरी संधी येईल’ या वाक्याची किंमत दोन्ही ठिकाणी सारखी कशी असेल?

तेव्हा निदान स्नायडर यांचे, पण औषध हॅरिंग्टन यांच्या दुसऱ्या खंडातले, असे माझे मत झाले आहे. घड्याळाचा हिशेब कोणत्या टूर्नामेंटला जावे आणि किती लवकर हात सैल सोडावा हे ठरवतो. एकदा डाव सुरू झाला की एमच बरा. ज्याला वेगवान टूर्नामेंट खेळायची आहे त्याने पहिला खंड कपाटात ठेवून दुसऱ्यापासूनच सुरुवात करावी, कारण लेखकाच्या लेखी जो शेवटचा खेळ आहे तो आमच्याकडे चहाच्या पहिल्या कपाबरोबर सुरू होतो. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी २००२ च्या आपल्या टूर्नामेंटवरच्या पुस्तकात अगदी नवख्या माणसासाठी एक पद्धत सांगितली आहे: ठरावीक पाने आली की सगळ्या चिप्स आत, नाहीतर पाने परत, मधले काही नाही. ती नवख्याला वाचवण्याची युक्ती होती. वीस मिनिटांच्या लेव्हलमध्ये तिसऱ्या तासापासून अनुभवी खेळाडूही जवळजवळ तेच खेळत असतो, फक्त पाने अधिक विचाराने निवडतो.

स्नायडर यांचे औषध मला का चालत नाही, हे मात्र नीट सांगायला हवे, कारण इथे स्पर्धेच्या वेगापेक्षा तिची रक्कम महत्त्वाची ठरते. बटणावरून कोणत्याही पानांवर बोली लावणे तेव्हाच फायद्याचे, जेव्हा समोरचे पाने टाकतात. साठ डॉलरच्या टेबलावर ते टाकत नाहीत. आमच्याकडे सत्तरीच्या घरातल्या एक बाई नेहमी येतात. निवृत्त शिक्षिका असाव्यात, कारण कोणी चिप्स विस्कटून टाकल्या की त्यांची नजर शाळेतल्यासारखी होते. एका शनिवारी मी ऑल-इन गेलो, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या, तेव्हा त्यांनी राणी आणि सत्ता घेऊन आपल्या सगळ्या चिप्स लावल्या. दोन्ही पाने चौकटची होती, आणि त्यांनी चिप्स पुढे सरकवताना तेच कारण दिले: दोन्ही चौकट आहेत, मग बघायला नको का? त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यात काही वेडेपणा नव्हता. साठ डॉलर त्यांनी आधीच संध्याकाळच्या करमणुकीचा खर्च म्हणून सोडून दिले होते. ज्याला हरण्याचे दुःख नाही त्याला घाबरवून पाने टाकायला लावणार कसे?

हेच आकड्यांत मांडू. ब्लाइंड ३०० आणि ६००, तुम्ही बटणावर, तुमच्याकडे ६,००० चिप्स, आणि तुमच्या आधी बोलणारे सगळे पाने टाकून बसले आहेत. तुम्ही कच्च्या पानांवर, समजा किलवरच्या आठ-सहावर, सगळ्या चिप्स आत ढकलता. दोन्ही ब्लाइंडनी पाने टाकली तर ९०० मिळाल्या. मोठ्या ब्लाइंडने कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या, तर एकूण १२,३०० चिप्सचा डाव होतो. तुमची जिंकण्याची शक्यता ३६ टक्के धरली तर सरासरी १,५७२ चिप्सचा तोटा. हे गणित बरोबरीत सुटायला दोघांनी मिळून ६४ टक्के वेळा पाने टाकायला हवीत, म्हणजे प्रत्येकाने दहापैकी आठ वेळा. पुस्तकातले ब्लाइंडवाले हे करतात. चौकटची राणी-सत्ता बघणारे करत नाहीत. पण याच नाण्याची दुसरी बाजू पुस्तकात फारशी येत नाही आणि तीच इथली खरी कमाई आहे. आठ-सहाऐवजी तुमच्याकडे एक्का-नव्वी आहे आणि समोरचा इतक्या सैल हाताने कॉल करतो की तुमची शक्यता ५५ टक्क्यांवर जाते असे समजा. सगळ्यांनी पाने टाकली तर ९०० चा फायदा, आणि कोणी कॉल केला तरी सरासरी ७६५ चा. दोन्हीकडून नफा. म्हणजे या टेबलावर ब्लफ जवळजवळ शून्यावर आणायचा आणि मध्यम पाने मात्र निर्भयपणे खेळायची. पुस्तकातल्या आक्रमकतेचे एक टोक उचलायचे आणि दुसरे सोडून द्यायचे, असा हा प्रकार आहे.

याच कारणाने समतोल खेळाची अलीकडची गणिती पुस्तके इथे जपून वापरावी लागतात. दोघेच उरले आहेत आणि दहा मोठे ब्लाइंड इतक्या चिप्स आहेत, तर छोट्या ब्लाइंडने सुमारे ५८ टक्के पानांवर ऑल-इन जावे असे गणितज्ञ जॉन नॅश यांच्या समतोलावर (जिथे एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही) आधारलेले तक्ते सांगतात. तो आकडा समोरचाही तितकाच शिकलेला आहे आणि सुमारे ३७ टक्के पानांवरच कॉल करतो या गृहीतावर उभा आहे. तक्ता पाठ असणे वाईट नाही. तो भित्र्या माणसाची भीड मोडतो, आणि समोरच्याने काहीही केले तरी तुम्हाला फार मोठ्या नुकसानीपासून वाचवतो. पण समोरचा साठ टक्के पानांवर कॉल करत असताना तक्त्याच्या शेपटीची पाने खेळत राहणे म्हणजे त्याला आपल्या खिशातून बक्षीस देणे.

काही प्रकरणे मात्र सरळ बाजूला ठेवावीत. चौकीची जोडी आली, कोणी मोठ्या ब्लाइंडच्या तिप्पट बोली लावली, आपण फक्त कॉल करायचा आणि तिसरी चौकी आली तर समोरच्याचे सगळे घ्यायचे, हा डाव अनेक पुस्तकांत मोठ्या प्रेमाने रंगवलेला असतो. तिसरी चौकी फ्लॉपवर येते ती सुमारे साडेआठ वेळांतून एकदा. समोरच्याकडे शंभर मोठे ब्लाइंड असतील तर तो एक विजय बाकीची सगळी वजावट भरून काढतो. त्याच्याकडे अठरा असतील तर नाही; प्रत्येक वेळी तीन ब्लाइंड सोडत गेलो, तर त्या एका वेळेची वाट बघण्यातच सगळे संपते. तीच गोष्ट चौथ्या आणि पाचव्या सामाईक पानावरच्या नाजूक ब्लफची, आणि समोरच्याची मागच्या तासाभरातली चाल आठवून त्याला वाचण्याची. ज्या खेळाडूबरोबर तुम्ही एकूण चाळीस डाव बसणार, त्याला वाचणार तरी किती?

आता पैशाविषयी, ज्याबद्दल पुस्तके सर्वांत कमी बोलतात. आमच्या साठ डॉलरपैकी पंचेचाळीस बक्षिसाच्या रकमेत जातात आणि पंधरा कार्डरूमचे. म्हणजे चौथा हिस्सा डाव सुरू होण्याआधीच गेला. तुलनेसाठी २०२३ ची मुख्य स्पर्धा पाहा: १०,०४३ प्रवेश, प्रत्येकी दहा हजार डॉलर, आणि बक्षिसाची रक्कम ९,३३,९९,९०० डॉलर, म्हणजे दर प्रवेशामागे ९,३०० डॉलर बक्षिसात आणि ७०० बाजूला. सात टक्के. आमच्या टेबलावर नुसते बरोबरीत राहायला बक्षिसातला आपला सरासरी वाटा पंचेचाळीसवरून साठवर न्यावा लागतो, म्हणजे बाकीच्यांपेक्षा एकतृतीयांश सरस असायला हवे. वेगामुळे कौशल्याला वाव कमी आणि शुल्कामुळे अपेक्षा जास्त, अशा चिमटीत माणूस सापडतो. लहान रकमेवर शिकून मग मोठ्या टेबलावर जावे, हा सल्ला देणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा करून पाहावी. मी नफ्यात आहे का, असे घरी विचारले जाते तेव्हा मी विषय बदलतो.

याच हिशेबात एक छोटी जागा मात्र खेळाडूच्या बाजूची आहे. इथल्या अनेक कार्डरूममध्ये नाव नोंदवताना कर्मचाऱ्यांसाठी म्हणून वेगळे पाच डॉलर दिले की हजार जादा चिप्स मिळतात. साठ डॉलरना तीन हजार म्हणजे हजाराला वीस डॉलर. त्याच हजार चिप्स इथे पाचला. वर मांडलेल्या वेळापत्रकात ३,००० ऐवजी ४,००० चिप्स असतील तर नुसता बसलेला माणूसही सातऐवजी आठ लेव्हल तग धरतो. पाच डॉलरला वीस मिनिटे हा भाव पूर्ण संध्याकाळीत पुन्हा कुठे मिळत नाही, आणि तरीही खिडकीशी उभे राहून तो नाकारणारे लोक मी दर वेळी बघतो.

पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या मंडळींशी हा विषय निघाला की त्यांचा अनुभव माझ्याहून टोकाचा असतो, कारण त्यांच्यातले बरेचजण फोनवर खेळत आणि फोनवरच्या टर्बो टूर्नामेंटमध्ये लेव्हल वीस मिनिटांची नव्हे, काही मिनिटांचीच असे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. तेव्हापासून तो मार्ग मिटला आहे. उरला तो गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनो-बोटींचा. तिथे प्रवासखर्चच इतका होतो की साठ डॉलरच्या टूर्नामेंटचा युक्तिवाद लागू पडत नाही.

मग पुस्तकांतले काय बिनशर्त उपयोगी पडते? माझे उत्तर अनेकांना रुक्ष वाटते: चिप्सचे पैशात रूपांतर करण्याचे गणित, ज्याला इंडिपेंडंट चिप मॉडेल किंवा नुसते आयसीएम म्हणतात. प्रत्येकाच्या चिप्सच्या प्रमाणात त्याची पहिला, दुसरा, तिसरा येण्याची शक्यता काढायची आणि त्या त्या बक्षिसाने गुणून बेरीज करायची. एका टेबलाच्या छोट्या स्पर्धेत बक्षिसे ५०, ३० आणि २० टक्के आहेत, चौघे उरले आहेत आणि चौघांकडे सारख्याच चिप्स आहेत असे समजा. प्रत्येकाचा वाटा २५ टक्के. एकाने ऑल-इन केले, तुम्ही कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण वाटा ५० होत नाही. तो होतो सुमारे ३८.३. हरलात तर शून्य. म्हणून कॉल करायला ५० नव्हे, ६५ टक्के शक्यता हवी. एक्का-राजासारखी देखणी पानेही समोरच्या छोट्या जोडीविरुद्ध निम्म्याहून थोड्या कमीच वेळा जिंकतात, तेव्हा ती इथे टाकायची. ही गोष्ट टेबलावर बसून अनुभवाने समजत नाही, कारण अनुभव फक्त जिंकलेले आणि हरलेले डाव लक्षात ठेवतो. ती वाचावीच लागते.

वेगवान टूर्नामेंटमध्ये याचा सर्वाधिक उपयोग होतो तो पाने बाजूला ठेवल्यावर. साठ जण, प्रत्येकी ४,००० चिप्स, म्हणजे एकूण २,४०,०००. रात्री अकराच्या सुमारास नऊ जण उरतात तेव्हा ब्लाइंड २,००० आणि ४,००० झालेले असतात आणि सरासरी खेळाडूकडे सात मोठे ब्लाइंडही नसतात. पुढे तिघे उरले की कोणीतरी म्हणते, वाटून घेऊ या. मोठ्या स्पर्धांच्या पुस्तकांत या वाटाघाटीला फार तर दोन-चार पाने असतात. आमच्याकडे ती जवळजवळ दर आठवड्याला होते. समजा तिघांसाठी १,०००, ६०० आणि ४०० डॉलर शिल्लक आहेत आणि चिप्स १,६८,०००, ४८,००० आणि २४,००० अशा आहेत. सगळे २,००० डॉलर चिप्सच्या प्रमाणात वाटायचे ठरवले तर पहिल्याला १,४०० मिळतील, जे पहिल्या बक्षिसाहूनही जास्त आहे. हा मूर्खपणा कोणाच्याही लक्षात येतो. म्हणून डीलर बहुधा रुळलेली पद्धत सुचवतो: प्रत्येकाला आधी तिसरे बक्षीस द्या आणि उरलेले ८०० चिप्सच्या प्रमाणात वाटा. तसे केले की ९६०, ५६० आणि ४८० असे आकडे येतात. ऐकायला न्याय्य वाटतात, आणि उशीर झालेला असल्यामुळे लोक माना डोलावतात. आयसीएमने येणारे आकडे आहेत सुमारे ८७१, ६१८ आणि ५१२. दुसऱ्याचे ५८ डॉलर, म्हणजे जवळपास पुढच्या शनिवारचे प्रवेशशुल्क, पहिल्याकडे गेलेले असते. त्यामुळे चिप्स कमी असतील तर मी फोनवर हिशेब करून दाखवतो आणि सौम्यपणे नाही म्हणतो; चिप्स सर्वांत जास्त माझ्याच असतील तर डीलरची सूचना मला फार समंजस वाटते.